उरलेल्या दहा मिनिटांचे खेळ

२००२ साली आमच्या तालुक्याच्या गावी मी सायबर कॅफे सुरू केला. एसटी स्थानकासमोर एक गाळा, त्यात सहा संगणक, मध्ये प्लायवूडचे आडोसे आणि सहांनाही पुरवायची एकच डायल-अप जोडणी. दर तासाला तीस रुपये. लोक कामासाठीच येत. कुणाला बारावीचा निकाल पाहायचा असे, कुणाला नोकरीचा अर्ज पाठवायचा असे, कुणाला ई-मेल कशी उघडतात तेच ठाऊक नसे. काम पन्नास मिनिटांत उरके. पण पैसे तासाचे भरलेले, म्हणून गिऱ्हाईक काही उठत नसे. "अजून दहा मिनिटं आहेत ना? मग एखादा गेम लावून द्या," अशी फर्माईश होई.

आज ज्या खेळांविषयी मी बोलणार आहे, त्यांचा इतिहास मला या उरलेल्या दहा मिनिटांतून दिसला. हे खेळ विकत घ्यावे लागत नसत, संगणकात बसवावे लागत नसत. ज्या ब्राउझरमधून आपण इंटरनेट पाहतो, त्याच खिडकीत ते चालत. पत्ता टाकायचा, थोडे थांबायचे आणि खेळायला लागायचे. माझ्या काउंटरमागे 'काहीही इन्स्टॉल करू नये' अशी पाटी होती, कारण व्हायरसची धास्ती होती. सीडीवरचे मोठे खेळ त्या पाटीपुढे बाद होत. हे छोटे खेळ मात्र पाटीचा मान राखून आत येत. लोक नवनवे पत्ते विचारत, म्हणून मी गल्ल्याजवळ दोनशे पानी वही ठेवली आणि त्यात खेळांचे पत्ते लिहू लागलो. त्या वहीचे पुढे काय झाले, ते ओघात येईलच.

ब्राउझरमध्ये खेळ चालवण्याची सोय जन्मजात नव्हती. सुरुवातीच्या वेबपानावर मजकूर आणि स्थिर चित्रे एवढेच असे. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा ही भाषा आणली आणि पानाच्या आत छोटे कार्यक्रम चालू लागले. खरी क्रांती मात्र एका चित्रकलेच्या सॉफ्टवेअरने केली. फ्यूचरवेव्ह नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीने १९९६ मध्ये 'फ्यूचरस्प्लॅश' काढले. त्याचा मुख्य कर्ता जोनाथन गे. या गृहस्थाने त्याआधी, १९८६ साली, मॅकिन्टॉशसाठी 'डार्क कॅसल' या गाजलेल्या खेळाचे प्रोग्रॅमिंग केले होते. लवकरच मॅक्रोमीडिया कंपनीने फ्यूचरस्प्लॅश विकत घेतले आणि त्याला 'फ्लॅश' हे सुटसुटीत नाव दिले.

फ्लॅशची युक्ती साधी होती. चित्रातला एकेक ठिपका साठवण्याऐवजी ते रेषा आणि वळणे गणिताने साठवी. म्हणजे फोटो पाठवण्याऐवजी रांगोळी कशी काढायची याची कृती पाठवावी, तसे. त्यामुळे फाइल लहान होई. ५६ केबीपीएसच्या मॉडेमवरून पाचशे केबीचा खेळ दीड-दोन मिनिटांत उतरे. माझ्याकडे सहा जणांत एक लाइन होती, त्यामुळे जास्त वेळ लागे, पण लोक ती सरकणारी पट्टी पाहत शांत बसत. आणि एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली. खेळ एकदा पूर्ण उतरला की मध्येच लाइन तुटली तरी तो थांबत नसे. बाकी पाच जण "लाइन गेली हो!" म्हणून ओरडत, आणि सहावा निवांत चेंडू टोलवत असे. खेळ संपूर्णपणे त्याच्या संगणकात आलेला असे. पुढे जे घडले ते समजायला ही बारीकशी गोष्ट फार उपयोगी पडते.

२००० साली फ्लॅशच्या पाचव्या आवृत्तीबरोबर 'ॲक्शनस्क्रिप्ट' ही भाषा आली आणि चित्रे हलवणाऱ्यांना नियमही लिहिता येऊ लागले. त्याच वर्षी अमेरिकेत टॉम फल्प यांच्या 'न्यूग्राउंड्स'ने कुणालाही आपला खेळ थेट चढवण्याची मुभा दिली. तो ठेवायचा की काढायचा, हे पाहणाऱ्यांच्या मतांवर ठरे. २००१ मध्ये लंडनला रॉबर्ट स्मॉल आणि तिहान प्रेस्बी यांनी 'मिनीक्लिप' सुरू केले. माझ्या वहीतला पहिला पत्ता तोच.

खेळ बनवणारे बहुधा विद्यार्थी किंवा हौशी लोक असत. स्लोव्हेनियातला बोश्त्यान चादेझ हा डिझाइनचा विद्यार्थी. त्याने २००६ मध्ये 'लाइन रायडर' केला. आपण पेन्सिलीने रेघ ओढायची आणि त्या रेघेवरून घसरगाडीवरचा छोटा माणूस घसरत जायचा. ना गुण, ना हारजीत. तरी तो जगभर खेळला गेला. जपानच्या तोशिमित्सु ताकागी यांनी २००४ मध्ये 'क्रिमसन रूम' केला. बंद लाल खोलीत तुम्ही जागे होता आणि वस्तू धुंडाळून बाहेर पडायचे, एवढाच खेळ. त्यातून तशा खेळांची लाटच आली. २००७ मध्ये क्योटोत 'स्क्रॅप' या कंपनीने तीच कल्पना खऱ्या खोलीत उतरवली. आज पुण्या-मुंबईत तिकीट काढून लोक स्वतःला ज्या 'एस्केप रूम'मध्ये कोंडून घेतात, तिचे मूळ अशा फुकट खेळांत आहे.

मग यांना पैसे कोण देई? खेळणाऱ्याने दमडीही द्यायची नसे. एखादे संकेतस्थळ प्रायोजक होई आणि खेळाच्या सुरुवातीला त्याचे नाव झळके. मग तो खेळ इतरांनी खुशाल उचलून आपापल्या पानावर लावावा, अशीच अपेक्षा असे. जितका पसरेल तितकी जाहिरात. 'मोची मीडिया'सारख्या कंपन्या खेळात जाहिराती घालून देत. २०१४ मध्ये ती कंपनी बंद पडली. काहींनी फुकट खेळाचा नमुन्यासारखा उपयोग केला. पॉपकॅप कंपनीचा 'बीज्वेल्ड' हा रत्ने जुळवण्याचा खेळ ब्राउझरमध्ये फुकट होता आणि त्याची सजवलेली आवृत्ती सुमारे वीस डॉलरला मिळे. आपल्याकडेही ही लाट आली. २००६ मध्ये अनिल अंबानी समूहाने 'झपाक' काढले, मुंबईत आलोक केजरीवाल यांची 'गेम्सटूविन' उभी राहिली. माझ्या कॅफेत मात्र सर्वांत जास्त चालला तो ऑस्ट्रेलियात बनलेला 'स्टिक क्रिकेट'. बाणांच्या दोन-तीन कळा, काडीसारखा फलंदाज, आणि सहा चेंडूंत छत्तीस धावांची खुमखुमी!

या खेळांची ओढ नेमकी कशाची होती? मुलांपुरते उत्तर सोपे आहे. मला खरे उत्तर मिळाले ते एका काकूंकडून.

काकू साठीच्या पुढच्या. मुलगा न्यू जर्सीला. तो सकाळी साडेनऊला ऑफिसात पोहोचे तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे आठ वाजत. काकू पावणेआठलाच येऊन बसत. याहू मेसेंजर उघडून ठेवायचा आणि मुलाच्या नावापुढचा दिवा लागायची वाट पाहायची. पहिले काही दिवस त्या नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या. मग मीच एकदा म्हणालो, "काकू, तोवर हे खेळून बघा."

"अरे बाबा, मला कुठलं जमतंय! मोडलं-बिडलं तर?"

"काही मोडत नाही. दोन खडे धरून अदलाबदल करायची, तीन सारखे आले की झालं."

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्या म्हणाल्या, "ते रत्नांचं लावून दे रे." पुढे सहा महिने हा क्रम चालला. गंमत अशी, की याआधी माउस धरताना त्यांचा हात थरथरे. रत्ने जुळवता जुळवता तो स्थिर झाला आणि मग त्या स्वतःच टाइप करू लागल्या. १९९० मध्ये विंडोजच्या ३.० आवृत्तीत पत्त्यांचा 'सॉलिटेअर' आला, त्यानेही कचेऱ्यांतल्या कितीतरी लोकांचा माउसवर हात असाच बसवला होता.

काकूंना कुणी 'गेमर' म्हटले असते तर त्या हसल्या असत्या. पण या खेळांचा खरा प्रेक्षक तोच होता. ज्याला खेळ शिकायला वेळ नाही, पैसे घालायचे नाहीत, हरल्याचे दुःख नको आणि मध्येच उठून जाण्याची मुभा हवी, असा माणूस. मुलाच्या नावापुढे दिवा लागला की काकू जिंकत आलेला डाव तसाच टाकून देत. खेळ त्यांना अडवत नसे, उद्या या म्हणून विनवत नसे, नाव-पत्ताही विचारत नसे. सागरगोटे खेळताना आईने हाक मारली की पोरी जशा उठत, तसेच ते होते. फुकटपणाइतकीच ही मोकळीक मोलाची होती.

पुढे फुकटचा अर्थ बदलला. जून २००९ मध्ये झिंगा कंपनीचा 'फार्मव्हिल' फेसबुकवर आला. तोही फुकट, तोही ब्राउझरमधला. २०१० मध्ये महिन्याला आठ कोटींवर लोक तो खेळत. पण त्यात पेरलेले पीक ठरल्या वेळी येऊन काढले नाही तर सुकून जाई. मित्रांना निरोप पाठवले की शेताला मदत होई. पैसे भरले की काम लवकर होई. खेळ आता वेळेवर हजेरी मागू लागला. आणि हे शेत खेळणाऱ्याच्या संगणकात नव्हतेच, ते कंपनीच्या सर्व्हरवर होते. लाइन गेली की शेत गेले.

इकडे फ्लॅशचेही दिवस भरत आले. २००७ च्या आयफोनमध्ये ते नव्हते. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून कारणे दिली : फ्लॅश एका कंपनीच्या मुठीत आहे, सुरक्षित नाही, बॅटरी खाते, बोटांच्या स्पर्शासाठी बनलेले नाही. २००५ पासून फ्लॅशची मालकी ॲडोबीकडे होती. ॲडोबीने २०११ मध्ये मोबाइलवरचे फ्लॅश सोडले आणि जुलै २०१७ मध्ये जाहीर केले, की २०२० अखेर सगळेच बंद. त्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०२० ला आधार थांबला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फ्लॅशच्या फाइली चालवणेच सोडून दिले. मूळ फार्मव्हिलही त्याच ३१ डिसेंबरला मिटले.

माझा कॅफे तर २०११ मध्येच बंद झाला होता. पण त्या जानेवारीत मी वही काढली आणि एकेक पत्ता टाकून पाहिला. काही संकेतस्थळे नाहीशी झाली होती. काही उघडली, पण खेळाच्या जागी नुसता करडा चौकोन. मला वाईट वाटलेच, पण त्याहून आश्चर्य वाटले. वीस वर्षांत करोडो लोक जे खेळले, ते जपून ठेवणे हे कुणाचेच काम नव्हते. पुस्तक छापले की ग्रंथालयात प्रत जाते, चित्रपटाला संग्रहालय असते. उरलेल्या दहा मिनिटांच्या करमणुकीला कोण विचारतो?

विचारले ते खेळणाऱ्यांनीच. बेन लॅटिमोर यांनी २०१८ च्या सुमारास 'फ्लॅशपॉइंट' नावाचा प्रकल्प सुरू केला. जगभरच्या स्वयंसेवकांनी त्यात एक लाखाहून अधिक खेळ गोळा केले. नोव्हेंबर २०२० मध्ये 'इंटरनेट आर्काइव्ह'नेही 'रफल' या फुकट सॉफ्टवेअरच्या साहाय्याने जुने फ्लॅश खेळ चालते केले. हे का शक्य झाले? कारण तो खेळ संपूर्णपणे तुमच्याकडे येत असे. ती एक फाइल होती. ती कुणीतरी, कुठेतरी ठेवली होती. ज्या खेळांचा जीव कंपनीच्या सर्व्हरवर होता, ते असे वाचवता येत नाहीत. फार्मव्हिलच्या शेतात लोकांनी वर्षानुवर्षे घातलेल्या मेहनतीची फाइल त्यांच्यापाशी नव्हती. दोन्ही खेळ फुकटच, पण एक दिलेला आणि दुसरा नुसता दाखवलेला.

जुनी ओढ मात्र मेलेली नाही. २०२१ मध्ये जॉश वॉर्डल यांनी आपल्या जोडीदारासाठी केलेला 'वर्डल' हा शब्दकोड्याचा खेळ लोकांसाठी खुला केला. दिवसाला एकच कोडे, नाव-पत्ता नाही, जाहिरात नाही. १ नोव्हेंबरला तो ९० जण खेळले. दोन महिन्यांनी ही संख्या तीन लाखांवर गेली. जानेवारी २०२२ अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला, तेव्हा आता पैसे मागतील या भीतीने अनेकांनी ते पानच आपल्या संगणकात उतरवून ठेवले. सुमारे २,३०० उत्तरांची यादी त्या पानातच होती, म्हणून ते जमले. लोक नव्या काळातही जुनी गोष्ट विसरले नव्हते.

काकू आता नाहीत. वही आहे. तिच्यातल्या एकोणीस पत्त्यांपैकी अकरा पत्त्यांवरचे खेळ मला फ्लॅशपॉइंटमध्ये मिळाले आणि मी वहीत त्यांच्यापुढे खूण केली. मागच्या सुटीत नातवाला त्यातला एक लावून दिला. घरातले वाय-फाय गेले होते, म्हणून तो कुरकुरत होता. खेळ सुरू झाल्यावर त्याने दोनदा माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आजोबा, नेट नसताना हा चालतो कसा?"

"कारण तो आपल्याकडे आहे," मी म्हणालो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)