हात कुणाचे अस्वच्छ?

सरकारी रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात बाळ जंतुसंसर्गाने दगावले की उत्तरे ठरलेली असतात. आई अशक्त होती, वजन कमी होते, वस्ती घाण होती. दोष आईच्या पदरात घालून फाईल बंद होते. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या ११ हून अधिक बाळंतिणी तापाने मेल्या; सुईणींकडे ३ हून कमी. कित्येकींची बाळेही त्याच तापाने गेली. या बाया गरीब होत्या, फुकट उपचारासाठी आलेल्या. कुणी दूषित हवेला दोष दिला, कुणी बायांच्या भीतीला. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये दाखवले की शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येणाऱ्या डॉक्टरांचेच हात मरण आणत होते. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. १८४८ मध्ये मृत्यूचे प्रमाण १.२७ टक्क्यांवर आले. तरीही मोठ्या डॉक्टरांना ते पटले नाही. १८४९ मध्ये त्याची मुदत वाढवली गेली नाही. वरच्यांचे हात कधी विटाळत नाहीत, ही समजूत आपल्यालाही नवी नाही.

पुढे पेनिसिलिन आले. अर्धवट मात्रेने जंतू औषधाला निर्ढावतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. दहा वर्षेही लोटली नाहीत, तोच सिडनीच्या प्रसूतिगृहांतील बाळांमध्ये पेनिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस पसरला आणि पुढे इतर देशांच्या प्रसूतिगृहांतही पोहोचला. तिथे कुठली झोपडपट्टी आडवी आली होती?

आता आपला देश. २००९ मध्ये एका औषधप्रतिरोधक जनुकाला नवी दिल्लीचे नाव दिले गेले; २०१० मध्ये सरकार त्या नावावरून संतापले. २०११ मध्ये दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये तेच जनुक सापडले. राग नावाचा आला, पाण्याचा नाही!

२०११ ते २०१४ या काळात दिल्लीच्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांतील १३,५३० नवजात बाळांचा अभ्यास झाला. मृत्यूंपैकी जवळपास एक चतुर्थांश जंतुसंसर्गामुळे होते. सर्वाधिक आढळलेला जंतू ॲसिनेटोबॅक्टर. त्याचे ८२ टक्के नमुने अनेक औषधांना दाद न देणारे होते. दोन तृतीयांश संसर्ग पहिल्या ७२ तासांतच झाले. आणि ही बाळे त्याच रुग्णालयांत जन्मलेली होती. त्यांनी वस्ती पाहिलीही नव्हती. मग वस्तीला आरोपी कसे करता?

२००५ च्या जननी सुरक्षा योजनेने दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमातींच्या बायांना पैसे देऊन रुग्णालयात बोलावले. बोलावणारे सरकार आहे, तर खाटा, नर्स, स्वच्छ पाणी आणि हात धुण्याची सोय ही जबाबदारीही सरकारचीच. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता: मातेच्या विश्रांतीत देशाचे हित आहे, म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक नवजात विभागाने किती बाळांना संसर्ग झाला, कोणत्या जंतूचा झाला आणि एका नर्सकडे किती बाळे होती, हे दर महिन्याला जाहीर करावे. आईला जाब विचारण्याआधी रुग्णालयाने आपले हात दाखवावेत.