मेंढ्याऐवजी पीठ आणि धूप

बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यात मी नववीच्या वर्गात फळ्यावर 'कुर्बानी' लिहिलं आणि त्याच्या मुळाची तीन अक्षरं सुटी करून दाखवली: क़ाफ़, रे, बे. करीब, कुरबत, कुर्बानी, सगळे एकाच घरातले शब्द. जवळ जाणं, जवळ आणणं. मग सांगितलं की हा शब्द फक्त अरबीचा नाही. हिब्रूत तो 'कोर्बान' आहे. आपण 'ज़बह' म्हणतो, तिथे 'ज़ेवह' आहे. ज्या वेदीवर हे अर्पण होई तिला हिब्रूत 'मिज़बेअह' म्हणत, आपल्या 'मज़बह'ची सख्खी बहीणच.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "टीचर, शब्द त्यांच्याकडेही आहे, तर मग यहुदी लोक कुर्बानी का करत नाहीत?"

मी म्हटलं, "त्यांचं हैकल पाडलं गेलं म्हणून." तेवढ्यात घंटा झाली.

उत्तर चूक नव्हतं, पण अर्धं होतं आणि ते मलाच टोचत राहिलं. मशीद पडली म्हणून नमाज थांबत नाही. माणूस शेतात उभा राहूनही पढतो. हाजींची गोष्ट सोडली तर कुर्बानीलाही आपल्याकडे एका शहराची अट नाही. मग एक इमारत पडल्याने एका कौमची कुर्बानी जवळजवळ दोन हजार वर्षं बंद कशी राहते?

आधी ही कुर्बानी काय होती ते पाहू. यहुदी आज जी तौरात वाचतात तिच्या 'लेवीय' या भागात तिचे प्रकार बारकाईने दिले आहेत. 'ओला' म्हणजे अख्खं जनावर वेदीवर जाळायचं. माणसाला त्यातलं काही नाही, फक्त कातडं पुरोहिताला. 'शेलामीम' मात्र जेवणाची कुर्बानी. चरबी वेदीवर, छाती आणि उजवी मांडी पुरोहितांकडे, बाकीचं मटण ज्याने जनावर आणलं त्याच्या घरच्यांना. चूक झाली तर तिच्या भरपाईची कुर्बानी वेगळी. आणि एक 'मिन्हा', म्हणजे पीठ, तेल आणि लोबान. जनावर गाय-बैल, मेंढी किंवा बकरी, आणि त्यात ऐब नको. चुकीच्या भरपाईसाठी मेंढी परवडत नसेल तर दोन कबुतरं चालत, तीही नसतील तर थोडं पीठ. रक्त मात्र कोणीच खायचं नाही, ते वेदीपाशीच जायचं. माणूस जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा, ओला असेल तर सुरीही तोच चालवायचा. पुरोहिताचं काम रक्तापासून सुरू व्हायचं.

हे वाचताना आपल्याला फारसं परकं वाटत नाही. मला सर्वांत आवडलेला नियम शिळ्या मटणाचा आहे. शुक्राने म्हणून दिलेल्या कुर्बानीचं मटण त्याच दिवशी संपवायचं, नवसाचं दुसऱ्या दिवसापर्यंत. तिसऱ्या दिवशी उरलेलं जाळून टाकायचं. उन्हाळी मुलुखात मटण टिकत नाही हे खरंच. पण एका घराला एका दिवसात अख्खा बैल संपत नाही हेही तितकंच खरं. शेजारीपाजारी बोलवावेच लागणार.

सुरुवातीला या सगळ्याला एकच जागा नव्हती. गावोगावच्या टेकड्यांवर वेद्या होत्या. नेगेवच्या वाळवंटात अराद इथल्या किल्ल्यात एक छोटं उपासनागृह सापडलं. त्याची वेदी तौरातच्या आज्ञेप्रमाणे न घडवलेल्या दगडांची आहे. जवळच्याच बेरशेबात मात्र घडवलेल्या दगडांची, कोपऱ्यांवर शिंगं असलेली वेदी होती. तिचे दगड पुढे एका कोठाराच्या भिंतीत बसवलेले सापडले. कोणीतरी ती वेदी मोडली होती.

मोडण्याचं कारण राजकारणातही होतं आणि श्रद्धेतही. यरुशलेमच्या राजांनी, आधी हिज्कियाने आणि मग इ.स.पू. 622 च्या सुमारास योशियाने, गावोगावच्या वेद्या बंद करायला सुरुवात केली. कुर्बानी एकाच ठिकाणी, बैतुल मुकद्दसला. मग दूरच्या गावातल्या माणसाने मटण खायचंच नाही का? तौरातच्या 'अनुवाद' या भागात त्याची सोय आहे: आपल्या गावीच जनावर कापा, खा, फक्त रक्त पाण्यासारखं जमिनीवर ओता. वाचायला साधी सवलत वाटते. माझ्या मते मात्र त्या धर्माच्या इतिहासातला हा हैकल पडण्याइतकाच मोठा बदल आहे. इथे मटण आणि इबादत वेगळी झाली. सुरी घरी राहिली, कुर्बानी शहरात गेली.

या बदलाची किंमत कोणी मोजली हे नाईल नदीतल्या एका बेटावर कळतं. अस्वानसमोरच्या एलिफंटाईन बेटावर यहुदी शिपायांची वस्ती होती. मिसर तेव्हा इराणच्या बादशहांच्या ताब्यात होतं आणि हे शिपाई त्यांच्या चाकरीत. त्यांनी तिथे आपलं स्वतःचं हैकल बांधलं होतं आणि त्यात कुर्बानी चाले. हाकेच्या अंतरावर ख्नूम या मिसरी देवाचं देऊळ होतं. ख्नूम हा मेंढ्याच्या शिराचा देव.

इ.स.पू. 410 मध्ये ख्नूमच्या पुजाऱ्यांनी स्थानिक अधिकाऱ्याला हाताशी धरलं आणि सैन्य आणून हैकल जमीनदोस्त केलं. तीन वर्षांनी वस्तीचा प्रमुख येदन्या आणि त्याच्या सोबतच्या पुरोहितांनी यहुदियाच्या सुभेदाराला आरामीत अर्ज लिहिला. तो पपायरसवर आजही शाबूत आहे. दगडी दरवाजे, गंधसरूचं छत, सोन्याचांदीची भांडी, काय काय गेलं ते सगळं त्यात आहे. तेव्हापासून आम्ही गोणपाट नेसतो, रोजे धरतो, तेल लावत नाही, असंही आहे. यरुशलेमच्या मोठ्या पुरोहितालाही लिहिलं होतं, त्याने उत्तर दिलं नाही, अशी तक्रारही आहे. पाडण्याचं कारण मात्र अर्जात कुठे लिहिलेलं नाही. मेंढ्याच्या देवाशेजारी मेंढे कापले जातात हे पुजाऱ्यांना सलत असावं, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तर्कच आहे, पण वाचताना मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले होते.

अर्जदारांनी पुन्हा तीन गोष्टी करू देण्याची विनंती केली: धान्याचं अर्पण, धूप आणि जनावराची कुर्बानी. आलेलं उत्तर दोन ओळींच्या टिपणासारखं आहे. हैकल पूर्वीच्या जागी बांधा, वेदीवर धान्य आणि धूप अर्पण करा. जनावराचा उल्लेखच नाही. वस्तीच्या पाच माणसांनी दिलेली लेखी हमीही सापडली आहे: मेंढा, बैल, बकरा इथे जाळला जाणार नाही. सोबत चांदी आणि हजार माप जव देण्याची तयारीही होती.

ही अट कोणामुळे आली? यरुशलेमला दुसरी वेदी नको होती, बेटावर पुजाऱ्यांना मेंढ्याचं रक्त नको होतं, आणि बादशाही अधिकाऱ्यांना दंगा नको होता. मला वाटतं तिघांचीही सोय एकाच वाक्यात झाली. शिपायांनी सही केली. हैकल बहुधा पुन्हा उभंही राहिलं, कारण पुढच्या काही वर्षांतल्या एका घराच्या खरेदीखतात चतुःसीमा सांगताना ते येतं.

इ.स. 70 मध्ये रोमन सेनापती टायटसने यरुशलेमचं हैकल जाळलं, तेव्हा यरुशलेमच्या नियमाप्रमाणे दुसरी मान्य वेदीच नव्हती जिच्याकडे जावं. म्हणून कुर्बानी थांबली. रब्बींनी तिची जागा दुआंना दिली. यहुद्यांच्या दुपारच्या प्रार्थनेला अजूनही 'मिन्हा' म्हणतात, पिठाच्या त्या अर्पणाचंच नाव. सामरी लोकांनी मात्र यरुशलेमची अट कधी मानली नाही. त्यांचा डोंगर गरिझीम, नाबलसजवळ, आणि तिथे ते दरवर्षी वल्हांडणाला आजही मेंढ्या कापतात. मूठभर लोक आहेत, पण सुरी थांबलेली नाही.

पुढच्या तासाला मी त्या मुलीला हे सगळं सांगितलं. आपल्या रायगडातल्या बेने इस्राएलांबद्दलही सांगितलं. मराठी बोलणारे यहुदी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली. नवस फेडताना किंवा लग्नात ते पैगंबर एलियाहूंच्या, म्हणजे आपल्या हजरत इलियास अलैहिस्सलाम यांच्या, नावाने ताट मांडतात: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, फळं. काही अभ्यासकांना त्यात हैकलातल्या मिन्हाची आठवण दिसते. जनावर त्यात नसतं. त्या ताटाला मलिदा म्हणतात, असं मी म्हणाले, तेव्हा अलिबागकडची एक मुलगी पटकन म्हणाली, "टीचर, मलिदा तर आमच्या नानीकडे पण करतात."