फॅब लॅब म्हणजे काय? पाबळला बघा
कॉम्प्युटरवर काढलेलं डिझाइन मशीनवर कापायचं, सर्किट सोल्डर करायचं आणि खरी वस्तू बनवायची, अशी वर्कशॉप म्हणजे फॅब लॅब. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे २००२ मध्ये एमआयटीच्या साथीने फॅब लॅब आली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक, तीही खेड्यात!

मी सोल्डरिंग आयर्न पहिल्यांदा धरलं ते थेट इंजिनिअरिंगला. घरातल्या लहानांना एवढं थांबवू नका. सुरुवातीला सोल्डरिंगही नको: ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर, बस्स. एलईडीचा लांब पाय प्लसकडे. रेझिस्टर मात्र गाळू नका. त्यामुळेच करंट साधारण १५ मिलिअँपिअरवर राहतो, नाहीतर एलईडी उडालाच समजा.