विमानाचें ओझें

भंडारा जिल्ह्यांत तुमसरच्या उत्तरेस चिखला नांवाचें गांव आहे. तेथील मँगनीजची खाण शंभराहून अधिक वर्षें चालू आहे. तिथला काळा दगड प्रथमच हातांत घेणारा मनुष्य चकित होतो तो त्याच्या वजनानें. सात इंच लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच तुकडा घेतला तर तो पंचावन्न पौंडांच्या आसपास भरतो. असा माल आगगाडीच्या वाघिणींतून टनांच्या हिशेबानें जातो. एक तुकडा कमी कीं जास्त, ह्याची कोणी विचारपूस करीत नाहीं. परंतु आपल्या देशांतील टपालाच्या विमानवाहतुकीचा एक मोठा अध्याय सुरू झाला तो नेमक्या एवढ्याच वजनानें.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून ‘पस मॉथ’ जातीच्या लहानशा विमानांतून निघाले आणि अहमदाबादेवरून मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. बरोबर टपाल होतें ५५ पौंड. तेथून पुढें बेल्लारीमार्गें मद्रासेस तें नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनीं नेलें. एवढी यातायात आणि टपाल एका दगडाच्या वजनाचें, हें ऐकून श्रोत्यांना हंसूं येईल. पण विमानाचा हिशेब कठोर असतो. जमिनीवरून सुरक्षितपणें उठतां येईल असें एक एकूण वजन ठरलेलें असतें. त्यांतून विमानाचें स्वतःचें वजन वजा करा, वैमानिकाचें वजा करा, पेट्रोलाचें वजा करा. जें उरेल तेंच भाडें देणारें ओझें. पेट्रोल गॅलनामागें सुमारें सात पौंड भरतें. म्हणजे तें सगळें टपाल आठ गॅलन पेट्रोलाच्या बरोबरीचें झालें. मुक्काम लांब असेल तर पेट्रोल वाढवावें लागतें, आणि पेट्रोल वाढलें कीं पत्रांना जागा उरत नाहीं. त्या काळीं एखादा उतारू घेतलाच, तर तो टपालाच्या थैल्यांच्या सोबतीनें दाटीवाटीनें बसत असे. विमानाच्या दाराशीं उतारूला त्याच्या सामानासकट कांट्यावर उभें करण्याची चाल पुष्कळ देशांत होती. बायकांना ही गोष्ट फार अवघड वाटे असें म्हणतात. पुरुष तेवढे निःसंकोच असत, ह्यावर मात्र माझा विश्वास नाहीं.

पुढें विमानें मोठीं झालीं, तरी हिशेब तोच राहिला. जानेवारी १९४९ मध्यें रात्रीच्या टपालाची योजना सुरू झाली आणि तिचें केंद्र झालें आपलें नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेलीं डाकोटा विमानें मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगांवच्या तळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्याच्या सुमारास आपापल्या शहरीं परत पोंचत. त्याच वर्षीं १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रें ज्यादा आकाराशिवाय विमानानें जाऊं लागलीं. उतारूंनाही ह्या विमानांतून स्वस्तांत जातां येई. झोपमोड सोसली म्हणजे झालें.

रात्रीची वेळ टपालाच्या सोयीसाठीं निवडलेली होती, पण ओझ्याच्या दृष्टीनेंही ती हिताची होती. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारें हजार फूट उंच. तेथें वैशाखांत पारा ४५ अंशांवर गेला, कीं समुद्रकांठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षां तेथील हवा सुमारें एक-अष्टमांशानें विरळ होते. विरळ हवेंत पंखांचा आधार कमी आणि इंजिनांचा जोरही कमी. म्हणून धांव लांबते आणि चढण मंदावते. जें विमान पौष महिन्यांत पूर्ण भरून उठतें, त्याला वैशाखाच्या दुपारीं कांहीं थैल्या अगर कांहीं माणसें मागें ठेवावीं लागतात.

ही कंजुषी कशासाठीं? १२ डिसेंबर १९५३ रोजीं नागपुराहून मद्रासेकडे निघालेलें डाकोटा उड्डाणानंतर थोड्याच वेळांत कोसळलें. एका इंजिनाचा जोर गेला होता. विमानांतील चौदा जणांपैकीं तेरा जण मरण पावले. त्या रात्रीं ओझें अधिक होतें असें मी म्हणत नाहीं. मात्र दोहोंपैकीं एक इंजिन गेलें तर उरलेल्या एकट्यानें किती उचलावें, हा प्रश्न ओझ्याच्या प्रत्येक नियमाच्या मुळाशीं आहे, आणि आजच्या नियमांत त्याचें उत्तर आधींच लिहून काढलेलें असतें.

ह्याविरुद्ध एक दाखला हमखास दिला जातो. १९४२ च्या मे महिन्यांत ब्रह्मदेश सोडतांना मिचिना येथून मून चिन नांवाच्या वैमानिकानें एकवीस आसनांच्या जातीच्या डग्लस विमानांत बहात्तर माणसें भरलीं आणि तीं कलकत्त्यास सुखरूप पोंचविलीं. त्यांत टोकियोवर हल्ला करून परतणारा डूलिटलही होता. गोष्ट खरी आहे. पण तिच्यांत एक इंजिन बंद पडलें नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे. मागें शत्रू असतांना स्वीकारलेला धोका सुटीच्या सहलीला लागू करणें शहाणपणाचें नव्हे.

सुटीची सहल म्हटली म्हणजे गोव्याचें नांव आलेंच. १९८० नंतरच्या दशकांत युरोपांतून दाबोळीला सहलीचीं खास भाड्यानें घेतलेलीं विमानें येऊं लागलीं. नेहमींच्या वेळापत्रकाच्या विमानांत कांहीं जागा रिकाम्या राहतात आणि हिशेबाला तेवढी मोकळीक मिळते. सहलीचें विमान आधींच शेवटच्या आसनापर्यंत विकलेलें असतें. लंडन ते गोवा हें अंतर साडेसात हजार किलोमीटरांच्या घरांत. दोनशेंहून अधिक माणसें भरलेल्या बोइंग ७५७ ला इतक्या पल्ल्याचें इंधन एकदम पेलत नसे. म्हणून वाटेंत आखाती प्रदेशांत उतरून इंधन घ्यावें लागे. हिंवाळ्यांत, म्हणजे ऐन हंगामांत, परतीच्या प्रवासाला उंचावरचा पश्चिमेचा वारा समोरून येतो. त्या फेरीला इंधन आणखी अधिक लागतें.

आणि नेमक्या ह्याच फेरीला सामान वाढलेलें असतें. प्रत्येकानें दोन किलो काजू घेतले तरी सव्वादोनशें उतारूंचे साडेचारशें किलो होतात. आतां उतारूंना कांट्यावर उभें करीत नाहींत. त्यांच्यासाठीं सरासरीचा आंकडा धरतात. मासळी-भातावर पंधरवडा काढलेल्या मनुष्याची सरासरी जातांना आणि येतांना एकच धरतात, एवढी मात्र सवलत आहे. त्याची पेटी तेवढी अजून तोलून घेतात.