कावीच्या भिंती आणि जाणता डोळा

कलेचा आनंद उपजत असतो, त्याला माहितीची गरज नाही, असे मत आपल्याकडे मोठ्या प्रौढीने मांडले जाते. मला ते पटत नाही. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने १९३५ साली रंगविलेल्या निळ्या फरशा आहेत. लिसेंवात ज्यांनी कामोंइश वाचला, त्यांची पावले तेथे रेंगाळतात, कारण त्याच्याच महाकाव्यातील प्रसंग तेथे चितारलेले आहेत. इतरांना ती नुसती निळी भिंत.

आपल्या देवळांतील कावीकामाचेही असेच झाले आहे. सिंधुदुर्गापासून उडुपीपर्यंतच्या किनाऱ्यावर ही कला नांदली. मोरजीच्या मोरजाई मंदिरात तिचे नमुने आहेत. ‘लाल-पांढऱ्यात पाहायचे ते काय?’ असे विचारणाऱ्यास कृती ठाऊक नसते. शिंपल्यांचा चुना व वाळू गुळाच्या पाण्यात मुरवून, कुटून भिंतीस गिलावा देत. त्यावर कावेचा तांबडा पातळ थर चढवीत आणि तो ओला असतानाच पोलादी टोच्याने कोरून खालचा पांढरा चुना उघडा करीत. म्हणजे येथे पांढरी रेघ ओढलेली नाही. तांबडे काढून टाकल्यावर ती उरली आहे. गिलावा सुकण्यापूर्वी हात चालला पाहिजे, आणि चुकलेली रेघ पुसण्याची सोय नाही. एवढे कळले की तेच कमळ निराळे दिसू लागते. वर्तुळाच्या मध्यावर कंपासाच्या टोकाची खूण सापडते का, म्हणून माणूस भिंतीशी वाकतो. आणि ज्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही, त्या कारागिराच्या धैर्याने मन भरून येते.

होन्नावरला जन्मलेले डॉ. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी याच कुतूहलापोटी गावोगावच्या कावी भिंतींची छायाचित्रे व टिपणे केली. त्यांच्यापूर्वी या भिंतींपुढून थोडे का विद्वान गेले असतील!

ज्ञानाने रस आटतो, हा आक्षेप मी ऐकला आहे. केवळ सनावळी घोकणाऱ्याचा आटत असेल. परंतु जीर्णोद्धाराच्या सभेत कावीच्या भिंतीवर तैलरंग देण्याचा ठराव येतो, तेव्हा विरोधाचा हात कोण वर करतो, हे पाहावे. तैलरंगाने चुन्याचा श्वास कोंडतो, ओल आतच राहते आणि काही पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो. पडलेला तुकडा केरात जातो. त्यावर मोराची मान होती की नुसती नक्षी, हेही मग कोणाला सांगता येत नाही.