गरडीमने, तालीम आणि उतारवयातले बळ

के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम, बंगळुरूच्या पूर्वेला जुन्या मद्रास रस्त्यावर वसले आहे. हाच रस्ता होसकोटे, कोलार करत मुळबागलकडे जातो. कोलार जिल्ह्यातल्या देवरायसमुद्र गावचे व्यायामशिक्षक के. व्ही. अय्यर बंगळुरूत आले आणि त्यांनी या शहराच्या हातात डंबेल दिले. त्यांच्या आधी बंगळुरूचा व्यायाम होता तो गरडीमनेतला.

गरडीमने म्हणजे आपली तालीम. 1638 नंतर बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि मराठी मुलखातल्या माणसाला जुन्या पेठेतल्या गरडीत शिरल्यावर परके वाटू नये इतके साम्य दोन्हींत आहे. लाल मातीचा हौदा, भिंतीशी गदा आणि करेल, समोर मारुती. व्यायामाला कन्नडमध्ये ‘तालीमु’ हाच शब्द चालतो. हौद्यातली माती नुसती माती नसते. ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती मळतात, म्हणजे अंगाला कमी खरचटते आणि खरचटले तरी जखम चिघळत नाही, असे मानतात. जोर, बैठका, जोडी फिरवणे, हे सगळे स्नायूला वाढता भार देण्याचेच प्रकार. दहा बैठकांवरून शंभरावर जायचे, हलकी जोडी सोडून जड उचलायची.

मात्र ही सारी रचना तरुणासाठी होती. कुस्तीचे दिवस सरले की पैलवान बहुधा वस्ताद होई आणि हौद्याच्या कडेला बसून पोरांच्या बैठका मोजू लागे. म्हाताऱ्याने जोर काढावेत, अशी अपेक्षा कोणी करत नसे. उतारवयातला अशक्तपणा हा आजार नव्हे, वयाचा धर्म मानला जाई.

या समजुतीला मराठी मुलखात ठसठशीत छेद दिला तो औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी. त्यांचा जन्म 1868 चा. तरुणपणी त्यांनी शरीरसौष्ठवपटू युजीन सँडोची साधने मागवून वर्षानुवर्षे त्या पद्धतीचा व्यायाम केला. पुढे 1908 च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. औंधच्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, पुस्तके लिहिली. 1938 साली लुईझ मॉर्गन यांच्या सहकार्याने इंग्रजीत त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. 1951 मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी ते वारले. व्यायाम हा जन्मभराचा नेम आहे, हे त्यांनी स्वतःच्या देहाने दाखवले, आणि त्यांचे हे काम सूर्यनमस्काराच्या प्रसाराइतकेच मोलाचे आहे. नमस्काराची मर्यादाही सांगायला हवी. त्यात संख्या वाढते, भार वाढत नाही. छाती, खांदे, दंड यांना भरपूर काम पडते, मांड्यांना बैठकेइतके पडत नाही.

बंगळुरूत अय्यरांनी साधनांचा व्यायाम आणि नमस्कार हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले. 1920 च्या दशकात त्यांनी हर्क्युलस जिम्नॅशियम काढले, 1930 मध्ये ‘मसल कल्ट’ आणि 1937 मध्ये सूर्यनमस्कारावरचे पुस्तक लिहिले. पुढे जे. सी. रस्त्यावर त्यांची ‘व्यायामशाळा’ उभी राहिली. टपालानेही ते व्यायामाचे धडे पाठवत. वजने आणि नमस्कार एकाच दिनक्रमात बसवणारा असा शिक्षक त्या काळी विरळाच.

वैद्यकाने मात्र याकडे उशिरा पाहिले. 1945 मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांसाठी क्रमाक्रमाने वजन वाढवण्याची पद्धत मांडली, पण तेही रुग्ण तरुणच. वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अर्विन रोझेनबर्ग यांनी दिले ते 1980 च्या दशकाच्या अखेरीस. या झिजेत जलद आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात. तोल गेल्यावर पाय झटकन पुढे टाकायला नेमके तेच लागतात, म्हणून म्हातारपणी साधी ठेचही माणसाला पाडते.

1990 मध्ये बोस्टन येथे मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना मांडीच्या स्नायूंचा जड व्यायाम दिला. आठ आठवडे पूर्ण केलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीतल्या स्नायूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 9 टक्क्यांनी. दोघांची काठी सुटली. ताकद स्नायूच्या आकारापेक्षा इतकी अधिक वाढली, कारण सुरुवातीचा बराचसा फायदा मज्जातंतूंचा असतो. झोपी गेलेले तंतू पुन्हा हाकेला ओ देऊ लागतात.

आता मोजमापही सोपे झाले आहे. 2019 च्या आशियाई निकषांनुसार पुरुषाची पकड 28 किलोंपेक्षा, स्त्रीची 18 किलोंपेक्षा कमी असेल, किंवा हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील, तर स्नायूंची तपासणी करावी. जागतिक आरोग्य संघटना सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते, आणि पासष्टीपुढच्यांना त्याबरोबर तोलाचाही, किमान तीन दिवस. खुराकाचा तालमीतला आग्रहही खरा ठरला. वृद्ध स्नायू प्रथिनांना कमी दाद देतो, म्हणून निरोगी वृद्धासाठी किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने सुचवली जातात.

के. आर. पुरमला लागून दूरवाणीनगर आहे. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज तिथे 1948 मध्ये सुरू झाली, आणि तरुणपणी त्या कारखान्यात लागलेल्या पिढ्या एव्हाना निवृत्त झाल्या आहेत. उतारवयातल्या बळाचा प्रश्न आता त्यांचाही आहे. बंगळुरूच्या अनेक उद्यानांत लोखंडी व्यायामसाधने बसवली आहेत, पण बऱ्याच साधनांवर भार वाढवता येत नाही. तिथे जुनी बैठक अधिक कामी येते. सुरुवातीला उंच खुर्चीच्या कडेवर बसायचे, पाय खांद्याइतके फाकवायचे, गुडघ्यावर हात न टेकता उठायचे आणि धपकन न बसता सावकाश खाली यायचे. आठ-दहा वेळा हे सहज जमू लागले की त्याहून बुटकी खुर्ची घ्यायची, मग पाट ठेवलेला ओटा, आणि पुढे हातात पाण्याची भरलेली बाटली.