घर, पेढी आणि सूर्यास्त
(मुंबईतील जैन वस्तीचा दोन शतकांचा मागोवा)

कामाच्या ठिकाणाजवळ लहान जागेत राहावे, की दूरच्या उपनगरात ऐसपैस घर घेऊन रोज ये-जा करावी, हा मुंबई परिसरातील प्रत्येक नोकरदाराला व व्यापाऱ्याला कधी ना कधी पडणारा प्रश्न आहे. घरांच्या किमती, मुलांच्या शाळा, लोकलचा पास आणि गर्दी यांचा हिशेब मांडून त्याचे उत्तर काढले जाते. जैन गृहस्थाला या हिशेबात आणखी एक बाब धरावी लागते. दिवस मावळताना आपण कोठे असू, घरी, पेढीवर की गाडीत, याचा विचार त्याला करावा लागतो. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी समाजाच्या वाटचालीचे अवलोकन करताना या प्रश्नाचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल, कारण आपल्या अनेक संस्थांचा जन्म या प्रश्नातूनच झालेला आहे.

अंतराविषयीचा धर्मविचार

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रताचा समावेश आहे. दाही दिशांना आपण कोठवर जाऊ, याची आयुष्यभरासाठी मर्यादा आखून घेणे म्हणजे दिग्व्रत. त्याच मर्यादेत ठरावीक काळापुरता आणखी संकोच करणे म्हणजे देशव्रत. श्वेतांबर परंपरा त्यालाच देशावकाशिक व्रत म्हणते. जितके हिंडणे-फिरणे अधिक तितकी हिंसा व आसक्ती अधिक, ही या व्रतांमागची दृष्टी आहे. अंतर ही केवळ सोयीची बाब नसून संयमाची बाब आहे, हे आपल्या आचार्यांनी आगगाडीच्या कितीतरी शतके आधी सांगून ठेवले आहे.

रात्रिभोजनत्यागाने या विचाराला दिवसाचे घड्याळ लावून दिले. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात चौविहार पाळणाऱ्याने सहाच्या आत भोजन व जलपान आटोपले पाहिजे. त्याशिवाय सकाळचे देवदर्शन व पूजा, 48 मिनिटांचे सामायिक, सायंकाळचे प्रतिक्रमण आणि चातुर्मासातील व्याख्यान हा दिनक्रम सांभाळायचा तर घर, पेढी आणि मंदिर ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून फार दूर असून चालत नाहीत.

कोटाबाहेरची वस्ती

मुंबईत व्यापारासाठी आलेले आरंभीचे जैन कुटुंब इतर व्यापाऱ्यांप्रमाणे कोटाच्या आत किंवा त्याच्या आसऱ्याने राहत असे. फेब्रुवारी 1803 मध्ये कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर कोटाबाहेर, उत्तरेकडे नवे नगर झपाट्याने वाढले. गोडीजी पार्श्वनाथांचे मूळ देरासरही कोटात होते, असे परंपरा सांगते. पायधुनीच्या आजच्या स्थानी त्याची प्रतिष्ठा 1812 मध्ये झाली आणि 2012 मध्ये त्याची द्विशताब्दी साजरी झाली. पायधुनी, भुलेश्वर, काळबादेवी, झवेरी बाजार आणि मांडवी हा सारा टापू हळूहळू जैन व्यापाऱ्यांच्या वस्तीने भरून गेला. मशीद बंदरजवळील अनंतनाथांचे देरासर कच्छी व्यापाऱ्यांच्या वास्तव्याची आजही साक्ष देते.

या वस्तीची रचना साधी होती. तळमजल्यावर पेढी किंवा वखार, वर कुटुंबाचे बिऱ्हाड आणि काही पावलांवर देरासर. दुपारचे जेवण घरीच होई. सायंकाळी दिवेलागणीपूर्वी मालक व मुनीम जिना चढून वर जात, चौविहार आटोपून पुन्हा वह्यांवर बसत. गावाकडून आलेल्या तरुणाला त्याच इमारतीत नातलगाच्या बिऱ्हाडी जागा मिळे आणि पेढीवर कामही मिळे. धर्म आणि धंदा यांच्यातील अंतर अक्षरशः एका जिन्याचे होते.

सर्वच जण तेथे राहिले असे नाही. जहाजांच्या व्यापारात नाव मिळवणारे शेठ मोतीशा यांनी भायखळ्याच्या मोकळ्या परिसरात वाडी केली. पण घराबरोबर त्यांनी तेथे आदिनाथांचे भव्य देरासरही उभारले. त्याची प्रतिष्ठा 1828 च्या सुमाराची आहे. भुलेश्वरजवळ 1834 मध्ये स्थापन झालेल्या पांजरापोळीच्या आरंभकर्त्यांतही सर जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे. दूर राहायला जायचे तर मंदिर बरोबर न्यायचे, हा पायंडा मोतीशांनी घालून दिला असे म्हणता येईल.

विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरची आख्यायिकाही येथे आठवते. कापसाच्या व्यापारातील अग्रणी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला हा मनोरा 1878 मध्ये पूर्ण झाला. प्रेमचंदांच्या मातोश्री राजाबाई यांना दिसत नव्हते आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नियम होता. घड्याळाच्या ठोक्यांवरून त्यांना वेळ कळावी हा या मनोऱ्यामागचा हेतू होता, असे सांगितले जाते. आख्यायिका म्हणूनच तिच्याकडे पाहिले, तरी दिवसाचा शेवटचा घास वेळेत घेण्याला त्या पिढीत किती महत्त्व होते हे तीतून कळते.

प्लेगने दाखवलेली दुसरी बाजू

या जुन्या वस्तीचे केवळ गुणगान करणे योग्य होणार नाही. पेढीवरच्या खोल्या अंधाऱ्या आणि कोंदट होत्या. धान्याच्या वखारी आणि माणसांची बिऱ्हाडे एकाच छताखाली असल्याने उंदरांचा सुळसुळाट असे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत प्लेगचे निदान झाले, ते मांडवीतच. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो रोग ओळखला. पुढील काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. कामाच्या जागी राहण्याची किंमत अनेक घरांना माणसांच्या रूपाने मोजावी लागली.

या संकटानंतर 1898 मध्ये मुंबई सुधार ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तीतून नवे रस्ते काढण्यात आले आणि दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती उभ्या राहू लागल्या. दुकान जुन्या बाजारात आणि घर मोकळ्या हवेत, हा विचार मध्यमवर्गीय कुटुंबांत त्यानंतरच रुजला.

लोहमार्ग आणि डबा

हा विचार प्रत्यक्षात आला तो आगगाडीमुळे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. विरारहून बॅकबेपर्यंत 1867 मध्ये गाडी सुरू झाली. विजेवरची गाडी 1925 मध्ये हार्बर मार्गावर व 1928 मध्ये पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत आली, तेव्हा रोजची ये-जा खऱ्या अर्थाने शक्य झाली.

तरीही आहाराचे नियम पाळणाऱ्या माणसापुढे दुपारच्या जेवणाचा प्रश्न होताच. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्याला कोणत्याही खाणावळीत बसून चालत नाही. महादू हावजी बच्चे यांनी 1890 च्या सुमारास सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या सेवेने तो प्रश्न सोडवला. मावळातील वारकरी परंपरेत वाढलेल्या या मंडळींनी घरचे अन्न पेढीपर्यंत पोहोचवले, म्हणून कित्येक जैन कुटुंबांना घर दूर नेता आले. हे ऋण समाजाने विसरू नये. मात्र डबा दुपारचा होता. सायंकाळचा प्रश्न तसाच राहिला.

कामाजवळ घर नेण्याचे प्रयत्न

याच काळात समाजातील काही धुरीणांनी उलट दिशेनेही विचार केला. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने 1915 मध्ये स्थापन झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयाने गावोगावच्या जैन तरुणांना महाविद्यालयांच्या जवळ निवास आणि शुद्ध भोजन दिले. सी. पी. टँकवरील हिराबाग धर्मशाळा परगावाहून येणाऱ्यांना बाजाराजवळच आसरा देत असे.

सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद (1882–1953) यांनी तर कारखान्याभोवती गावच वसवले. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंब येथील उजाड माळावर 1930 च्या दशकात साखर कारखान्याबरोबर वालचंदनगर ही वसाहत उभी राहिली. कामगार दुरून येण्याऐवजी तेथेच राहावा, ही कल्पना त्यामागे होती. शेती, कारखाना आणि घर एका परिसरात आले. अशा योजना मुंबईसारख्या शहरात शक्य नव्हत्या, हेही मान्य केले पाहिजे.

उपनगरांकडे ओघ

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण मिळाले, पण नव्या कुटुंबाला जुन्या बाजारात जागा मिळणे पगडीशिवाय दुरापास्त झाले. घरातील दुसऱ्या-तिसऱ्या मुलाचे लग्न झाले की त्याला बाहेर पडावेच लागे. दोनदा वाढवल्यानंतर 1957 मध्ये मुंबई महानगरपालिकेची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत गेली आणि सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवली येथे, पुढे ठाणे, कल्याण, डोंबिवली, भाईंदर, विरारपर्यंत जैन वस्ती पसरली.

या पिढीने काय मिळवले? मुलांना हवा-उजेड, घरातील स्त्रियांना स्वतंत्र स्वयंपाकघर आणि कर्जाने का होईना पण स्वतःचे घर. आणि काय गमावले? विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटर आहे. एका वेळच्या प्रवासाला सामायिकाहून अधिक काळ लागतो. हिवाळ्यात सहाच्या आत बोरिवलीला पोहोचून भोजन करायचे, तर काळबादेवीची पेढी साडेचारलाच सोडावी लागे. ज्याची स्वतःची पेढी होती त्याला कधी तरी ते जमे. गुमास्त्याला आणि नोकरदाराला ते जमत नसे. कित्येकांचा पिढीजात नियम मनाविरुद्ध सुटला. मुले निजल्यावर वडील घरी येऊ लागले, तेव्हा पाठशाळेचा धडा विचारणारे घरात आजी-आजोबाच उरले आणि जेथे तेही जुन्या घरी राहिले होते तेथे आईवर सारा भार पडला.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि गाड्या ठप्प झाल्या. हजारो माणसे रात्रभर कार्यालयांत, रस्त्यांवर आणि डब्यांत अडकून राहिली. घर आणि काम यांच्यामधील अंतर म्हणजे काय, हे त्या रात्री साऱ्या शहराला उमगले.

ही उणीव भरून काढण्यासाठी उपनगरांत समाज एकत्र आला. प्रथम एखाद्या घरी स्तवन-स्वाध्याय, मग भाड्याच्या खोलीत घर-देरासर, मग जागेची खरेदी, शिखरबंद मंदिर, उपाश्रय, पाठशाळा आणि आयंबिलशाळा, असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. साधू-साध्वी वाहनाने प्रवास करीत नाहीत. श्रावक जितका दूर गेला तितका त्यांचा विहार लांबला आणि वाटेवरची विश्रांतिस्थाने आवश्यक झाली. उपनगरांतील कितीतरी ट्रस्ट अशा गरजेतून निर्माण झाले. मोतीशांनी एकट्याने केले ते येथे शेकडो सामान्य कुटुंबांनी थोडे थोडे देऊन केले.

बाजारही हलले

पुढे बाजारांनीच स्थलांतर केले. कांदा-बटाटा, धान्य, मसाले, फळे आणि भाजीपाला यांचे घाऊक बाजार 1980 व 1990 च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्सचे 2010 मध्ये उद्घाटन झाले आणि ऑपेरा हाउसचा हिरेबाजार तिकडे सरकला. घर बाजाराजवळ घेतले तरी बाजार तेथेच राहील, अशी खात्री उरली नाही.

समाजाने यावरही तोडगा काढला. बाजारपेठांत व व्यापारी संकुलांजवळ सायंकाळच्या भोजनाची सोय करणारी चौविहार हाउसे सुरू झाली. घर जवळ आणता आले नाही, तेव्हा ताट जवळ आणले गेले. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोने गिरगाव व काळबादेवी ही जुनी पेठही वांद्रे-कुर्ला संकुलाशी थेट जोडली आहे.

पुढील वाटचाल

या दोन शतकांचा मागोवा घेतला असता एक गोष्ट स्पष्ट होते. जवळ राहणे नेहमीच हिताचे आणि दूर राहणे नेहमीच अहिताचे, असा सरसकट निर्णय इतिहास देत नाही. मांडवीच्या वखारीवर राहणाऱ्यांचे दर्शन-पूजन सुखाने होई, पण त्यांना प्लेगने गाठले. उपनगरात राहणाऱ्यांची मुले निरोगी वाढली, पण त्यांची सायंकाळ गाडीत गेली. प्रत्येक पिढीने आपल्या ऐपतीप्रमाणे निवड केली आणि त्या निवडीतून निर्माण झालेली उणीव भरून काढण्याचे काम समाजाच्या संस्थांनी केले.

म्हणून घर घेणाऱ्या तरुण दांपत्याने चौरस फुटांबरोबर दिवसाचे तासही मोजावेत. मंदिर किती दूर आहे, सूर्यास्ताला आपण कोठे असू आणि मुलांच्या वाट्याला आई-वडिलांचा किती वेळ येईल, हे प्रश्न कर्जाच्या हप्त्याइतकेच महत्त्वाचे आहेत. दिग्व्रताचा आजचा अर्थ कदाचित हाच असेल.

ट्रस्टांनाही यातून दिशा मिळते. गेल्या अर्धशतकात संस्थांनी माणूस राहतो तेथे त्याची सेवा केली. यापुढे तो काम करतो तेथेही त्याच्यासाठी शुद्ध आहाराची, पाच-पन्नास जणांनी एकत्र बसून प्रतिक्रमण करण्याची जागा हवी. एका उपनगरातील ट्रस्टने हे एकट्याने करणे कठीण आहे, पण अनेक ट्रस्टांनी मिळून ते करता येईल. असे झाले तर घर कितीही दूर असले, तरी श्रावकाला आपला नियम सोडावा लागणार नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात हा संकल्प व्हावा, हीच जिनेश्वर चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!